बेलार्मीनोची कोरडी टाकी

सेर्तांझिन्यो गावात उसाच्या अल्कोहोलवर चालणारी पहिली गाडी आली ती बेलार्मीनोची. साखर कारखान्यातला हा फिटर. पण गाडी आल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागेनात. कॉफीच्या दुकानात शिरला की सुरू: "आपल्याच शेतात उगवतं, आपल्याच कारखान्यात तयार होतं! परदेशी तेलवाल्यांची मिनतवारी नको, आणि धूर डोळ्यांना झोंबतही नाही." बरं, हे खोटं नव्हतं.

मेख एकच. थंडीत अल्कोहोल लवकर पेट घेत नाही. म्हणून बॉनेटखाली तांब्याएवढी पेट्रोलची टाकी असे. सकाळी त्यातलं घोटभर पाजलं की इंजिन जागं होई. बेलार्मीनोनं ती मुद्दाम कोरडी ठेवलेली. शेजारचा आनेझियो जुनी पेट्रोलची गाडी चालवी. त्यानं टोकलं, तर हा म्हणाला, "माझ्या लेकराला परक्याचं दूध लागत नाही!"

पुढं जून उजाडला, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. गल्लीत सगळे आदरानं 'दोना' म्हणत त्या म्हाताऱ्या इदालिनाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सहा महिन्यांनी तारीख मिळाली होती. सकाळी सातला शेजारच्या रिबेराँव प्रेतो शहरातल्या इस्पितळात हजर व्हायचं, आणि न्यायचं बेलार्मीनोनंच कबूल केलेलं. नेमकं त्या पहाटे गवत गारठून पांढरं पडलं. गाडी खोकली, कण्हली, गप्प झाली. चावी फिरवून फिरवून बॅटरीही बसली.

"बस तरी गाठता येईल का रे?" म्हातारीनं हळूच विचारलं.

बस कधीच गेली होती. आनेझियोची स्वतःची गाडी गॅरेजात उघडून पडलेली. तो पायजम्यातच बाटलीभर पेट्रोल घेऊन आला. "घे, पाज लेकराला!" गल्ली खो खो हसली, पण सगळ्यांनी मिळून धक्काही मारला. इंजिन झटक्यात सुरू झालं.

वाटेत दोना इदालिना म्हणाली, "किती अलगद चालते रे तुझी गाडी!" रोज या वाक्यावर तासभर बोलणारा बेलार्मीनो त्या दिवशी नुसता घड्याळ बघत गाडी दामटत होता.

इस्पितळात पोचायला आठ वाजले. खिडकीतल्या बाईनं वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "जागा दुसऱ्याला दिली. आता ऑगस्टमध्ये या."

"दोना, चूक माझी," तो कसाबसा बोलला. "पेट्रोल मीच भरलं नव्हतं. ऐटीपायी."

"मोतीबिंदू कुठं पळून जातोय होय?" ती हसली. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून तिनं चाचपडत त्याचा हात धरला. "चल, घरी ने मला."

तो हात सोडवून घ्यावा की धरून ठेवावा, हेच त्याला कळेना.