पापुद्र्याविना काढलेल्या पेशी

शाळेतल्या प्रात्यक्षिकाच्या तासाला मी कांद्याच्या पेशी न बघताच काढल्या होत्या. काचपट्टीवर पापुद्रा ठेवायचाच विसरले, पण पुस्तकातल्यासारख्या विटेवर वीट रचलेल्या पेशी, प्रत्येकीत ठिपक्याएवढं केंद्रक, सगळं झोकात काढून बाईंना वही दाखवायला पहिली धावले. केवढी ती शहाणी!

आज कांदा चिरताना तसाच पापुद्रा बोटाला चिकटला. त्यात शेकडो पेशी, एकमेकींना खेटून गुमान नांदणाऱ्या. आणि माझ्या? एक जिना चढले की हृदय पुढे धावतं, फुप्फुसं मागे राहतात, पायांचे स्नायू तर ऐकतच नाहीत. कोट्यवधी पेशी एका देहात राहतात, पण एकीचा निरोप दुसरीला वेळेवर पोचेल तर शपथ! नुसता वैताग. आणि मी अजून सगळ्यांना पुस्तकातलंच चित्र दाखवत फिरते.

कालच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, दम लागतो का?"

"छे! ठणठणीत आहे मी," म्हणत मी नातीचं कौतुक सुरू केलं.

माझ्या छातीवर नळी टेकवून त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही आता गप्प बसा. जरा तुमच्या हृदयाला बोलू द्या."