रामकिशनच्या खालचा दाणा

नागुबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण लोह्याजवळच्या त्या गावात जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढायची वेळ आली की शिकलेसवरलेले तिच्याच ओसरीवर येऊन बसायचे. ती सुपात दाणे मांडायची. पुरुषाला जवारी, बाईला तूर. बापाखाली लेकरं, लेकरांखाली नातवंडं. एकेक दाणा बोटानं सरकवत ती नावाबरोबर मरणही सांगायची. "हा खंडू, माझा आजा. आडाला शिवला म्हणून काठ्यांनी मारला. ही त्याची भैन कोंडाबाई. नवऱ्यानं डोक्यात मुसळ घातलं." ऐकणाऱ्याला दाखला हवा असे, रक्त नको असे. पण म्हातारी कुणाला गाळायची नाही. मेलेल्यांना, आणि त्यातही मारलेल्यांना विसरण्यात आपली माणसं मोठी पटाईत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्या सकाळी सुपात तिच्या स्वतःच्या घराचे दाणे होते. धाकटा भाऊ रामकिशन वारला होता आणि त्याची तीन एकर जमीन वारसाच्या नावावर चढायची होती. वारस एकच, लेक धम्मप्रिया, नांदेडला नर्सिंग शिकणारी. पण थोरल्या भावाचा लेक आनंदराज तलाठ्याला सांगून आला होता की काका निपुत्रिक मेला, ही पोर काकूनं पहिल्या घरून आणलेली. काकू कधीच वारली होती आणि पोरीच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. ती जन्मली होती नागुबाईच्या हातावर. म्हणून तलाठी महांतेशनं सांगितलं, वडीलधाऱ्या बाईचं प्रतिज्ञापत्र आणा, तिची वंशावळ मी धरतो. तहसिलात दुपारी जायचं ठरलं होतं.

आनंदराज दारातून आला तो सरळ धम्मप्रियाच्या वेणीला हात घालूनच. तिला फरफटत त्यानं ओसरीच्या खांबावर आदळलं. कपाळ फुटलं. पोरगी ओरडली तशी त्यानं तोंडावर दोन चपराका ओढल्या आणि मग सुपाकडं वळला.

"माय, रामकिशनच्या खालचा दाणा उचल."

माय म्हणायचा तो तिला. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली. नागुबाई विधवा होऊन माहेरी आलेली, पोटी काही नाही. तिनंच त्याला भरवलं, वाढवलं. त्यानं शाळेत पोरं बडवली तरी मास्तरपुढं खोटं बोलायची तीच, आणि पुढं बायकोचा हात मोडला तेव्हा ती जिन्यावरून पडली म्हणून सांगणारीही तीच. लाडानं लेकरू बिघडतं म्हणतात. इथं ते नुसतं बिघडलं नव्हतं, लोकांची हाडं मोडत होतं, आणि हे तिला कळत होतं.

"न्हाई उचलत," ती म्हणाली. "माझ्या हातावर झाली ती. नाळ म्या कापली."

त्यानं सुपाला लाथ घातली. जवारी, तूर अंगणभर उडाली. मग त्यानं कोपऱ्यातला वरवंटा उचलला. कागदावर बाईचा उजवा अंगठा लागतो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यानं तिचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला.

"शेवटचं इचारतो, माय."

"रामकिशनची लेक धम्मप्रिया," ती म्हणाली.

वरवंटा पडला. एकदा नाही, तीनदा. धम्मप्रियानं मागून त्याच्या दंडाला दात रोवले तेव्हा कुठं तो थांबला. अंगठ्याचं नख उंबऱ्यावरच राहिलं. जाताना तो निवांत होता. आता अंगठा नाही, म्हणजे कागद नाही.

फुटक्या कपाळानं पोरीनंच आत्याचा हात बांधला. दवाखाना नंतर, आधी तहसील, असं नागुबाईनं बजावलं आणि रिक्षात ती एकदाही कण्हली नाही.

तहसिलाच्या आवारात अर्जनवीस जिलानीभाईंनी कागद लिहिला, वाचून दाखवला आणि शाई पुढं केली. रक्तानं भिजलेली पट्टी बघून ते दचकले.

"आजी, डावा बी चालतो. फक्त उजवा का न्हाई, ते खाली लिहावं लागतं."

आनंदराज तिथं आधीच येऊन उभा होता. डावा चालतो ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण भ्याला नाही. "पडले म्हण, माय," तो दात दाबून म्हणाला.

तेवढं म्हटलं असतं तरी धम्मप्रियाला जमीन मिळाली असती. नागुबाईचा जीव तुटत होता.

"ठेचला म्हणून लिहा," ती म्हणाली. "आनंदराजनं."

"तुमचा कोण?"

"भाचा."

आनंदराजनं टेबल उलथलं आणि तिच्या गळ्याला हात घातला. "लेक म्हण! म्या तुझा लेक हाय, म्हण!" दोन शिपायांनी आणि आवारातल्या लोकांनी त्याला ओढून भुईवर पाडलं. तिथूनही तो तेच ओरडत होता, आणि आता रडत होता.

जिलानीभाईंनी कागद उचलून झटकला, टेबल सरळ केलं. नागुबाईनं डावा अंगठा शाईत बुडवून ठसा उमटेपर्यंत दाबून धरला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या तिनं पुसल्या नाहीत.

"भावाचा लेक," ती जिलानीभाईंना म्हणाली. "मला लेकरू न्हाई."