नुसती चीर

दुपारची जेवणं उरकून उज्ज्वला भिंतीकडे तोंड करून पडते. मानेच्या डाव्या अंगाला बोराएवढी गाठ आहे, म्हणून उजव्या कुशीवर. थोड्या वेळानं मिरजेला दवाखान्यात जायचंय. डॉक्टर गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवणार आहेत. पण नवऱ्याला काहीतरी कारण सांगायचं आणि जायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलंय. गाठीला सुरी लागली की ती चवताळते, असं थोरली बहीण, आक्का, मरेपर्यंत म्हणत होती. आक्काची गाठ काखेत होती. तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

डोळा लागतो न लागतो तोच पायाशी शिलाई मशीन चालू होतं.

"ये की उज्जू. बस खाली," आक्का म्हणते.

आक्का गेलीय हे उज्ज्वलाला ठाऊक आहे, तरी ती बसते. आक्का गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. आत्ताही मांडीवर कुणाचा तरी हिरवा खण आहे. मशीनच्या मागं भिंत असायला हवी, तिथं एसटीच्या रिकाम्या सीटा आहेत. बस चालू आहे.

"आक्का, कुठं चाललोय आपण?"

आक्का कात्री उचलते. उज्ज्वलाचा हात आपोआप मानेवर जातो.

"तुला नाही गं. हे बघ." ती कापडाला बारीक चीर देते, काजाएवढी. "ही नुसती चीर. आत काय आहे ते बघायला." मग कात्री गोल फिरवून गळ्याचा तुकडा वेगळा करते. "आणि हे कापून काढणं. मला दोन्ही एकच वाटलं."

तुकडा पडतो तिथं दवाखान्याची ओली फरशी आहे.

"पण सुरी लागली की पसरते, तूच म्हणायचीस."

"म्हणायची. मी कुणाला आत बघू दिलं नाही. गाठीनं मात्र माझं सगळं घर फिरून बघितलं."

आक्का हात वर करते. काखेत शिवण उसवलीय. आत अंधार आहे, आणि त्या अंधारात कुणीतरी सावकाश मशीन चालवतंय. उज्ज्वला उठायला बघते. आक्का जवळ सरकते. तिच्या हातात आता निळा खडू आहे. थंडगार बोटांनी ती उज्ज्वलाची हनुवटी वर करते.

"हलू नको. कुठवर गेलीय, बघू दे."

"अगं, ऊठ. निघायला हवं." श्रेणिक, तिचा नवरा, खांदा हलवतोय.

उज्ज्वला उठून बसते.

"मानेला काय लागलंय हे? निळं?"

ती आरशासमोर जाते. गाठीभोवती खडूची रेघ आहे, हलक्या हातानं ओढलेली. गाठीपाशी ती थांबत नाही. खाली छातीच्या हाडापर्यंत जाते आणि तिथून वळते. घरात खडू नाही. कधी नव्हताच.

श्रेणिक पंच्याचं टोक ओलं करून पुसायला येतो. ती त्याचं मनगट धरते.

"राहू द्या," ती म्हणते. "आधी डॉक्टरांना बघू द्या. गाडी काढा."