गंधाचे तीन ठिपके

थायलंडमधल्या लांफूनच्या प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात सायपिनने एकोणीस वर्षं काढली. काम एकच, फिल्म तिरकी धरून कुठे डाग, कण आहे का बघणं. दोन तऱ्हांच्या प्लास्टिकचे शेकडो थर, केसाहून कितीतरी बारीक, एकावर एक. रंग म्हणून काही घातलेला नाही, तरी समोरून पाहावं तर हिरवट आणि जरा कलती केली की जांभळी. त्यावर वीज वाहणारा शेवटचा थर चढायच्या आधी सायपिन वाकून नजर फिरवायची, मगच रोल पुढे जायचा.

त्या महिन्यात सगळं एका रोलवर येऊन ठेपलं होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकाने तो पास केला तर लाइन लांफूनला राहणार, नाहीतर मशीन दुसऱ्या देशात. अकरा बायकांची पोटं त्या लाइनवर होती.

मशीनला भंतेजींनी गंध लावावं, हा सायपिनचा हट्ट. सुपरवायझर दमरोंग म्हणाला, "मावशी, आत धुळीचा कण चालत नाही, भंतेजी कुठून चालतील?"

शेवटी रोल चढायच्या सकाळी भंतेजींनी फाटकापाशीच, मशीनच्या वाटचं गंध काडीच्या टोकाने तिच्या कपाळावर लावलं. पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या भुकटीचे तीन ठिपके.

आत जाताना तोंड धुवायचा नियम. तिने गाल धुतले, मान धुतली. कपाळाकडे गेलेला हात मात्र थांबला. आशीर्वाद पुसायचा कसा? तिने टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली.

दुपारपर्यंत गंध वाळलं आणि वाकता वाकता टोपीखालून, नजरेला दिसणार नाही असं, कणकण फिल्मवर झडत राहिलं. वर थर चढला. वीज सोडून पाहिली तर फिल्मभर काळे डाग. जिथे कण, तिथे वीज तुटलेली.

दमरोंगने तुकडा भिंगाखाली धरला. "भुकटी आहे ही. कोण पावडर लावून आलं होतं?"

सायपिनने टोपी काढली.

तिच्या कपाळावरचे पुसट ठिपके पाहून तो म्हणाला, "टोपी घाला परत."

"वर माझं नाव कळव."

"कळवलं काय नि नाही काय. रोल गेला, मावशी."

तिसऱ्या आठवड्यात मशीन खोक्यांत बांधलं गेलं. कपडे बदलायच्या खोलीत सायपिनने सगळ्यांना खरं ते सांगितलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

वयाने मोठी बुआखिआव बूट काढत होती. "तू पुसून आली असतीस आणि रोल तरीही बिघडला असता, तर गंध पुसलं म्हणून आम्हीच तुला बोल लावला असता."

"मग मी करायचं तरी काय होतं, अक्का?"

"मला नको विचारूस. फाटकापाशी मीही हात जोडून उभी होते."

एकेक करून सगळ्या निघाल्या. कारखान्याच्या बसमध्ये सायपिनच्या शेजारची जागा रिकामीच राहिली.