आईनं डोळे मिटून पाहिलेले सिनेमे

मला एका जागी बसवत नाही. भुताचा सिनेमा सुरू असेल तरच मी हलत नाही, बाकी दिवसभर पायाला भिंगरी. भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी गणित शिकवते, तिथेही मुलं म्हणतात, "मॅडमजी, आप बैठ भी जाओ, हमको चक्कर आ रहे हैं."

हे वेड आठवीपासूनचं. मैत्रिणी हीरोंचे फोटो जमवायच्या, मी दिग्दर्शकांची नावं. एका वहीत नाव लिहायचं आणि पुढे शेरा. भूत लवकर दाखवून टाकणारा 'फालतू'. नुसती रिकामी खुर्ची दाखवून घाम फोडणारा 'उस्ताद'. आजही माझं मत तेच आहे. दचकवायला काय लागतं हो? मागून येऊन कोणीही "भॉक" करेल. माणसाला ताटकळत ठेवायला अक्कल लागते.

पण तेव्हा राजेंद्र नगरातली मुलगी एकटी टॉकीजमध्ये जाणार, आणि तेही असल्या सिनेमाला? बाबांनी साफ सांगितलं, आई सोबत असेल तरच. आणि आई म्हणजे भित्री भागूबाई! शाळेत विज्ञान शिकवायची, बेडूक कापून दाखवायची, पण पडद्यावर दार करकरलं की संपलं. तरी यायची बिचारी. बाराच्या शोला, दिवे गेले रे गेले की पदर तोंडावर ओढायची, डोळे गच्च मिटायची आणि माझा हात धरायची. दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय चाललंय गं?"

खरं सांगितलं तर ही उठेल आणि मलाही उठवेल, ही धास्ती. म्हणून पडद्यावर सगळ्यात भयंकर काही आलं की मी शांतपणे सांगायची, "काही नाही. बाई पोहे खातेय." तिकडे बाईच्या मानेत दात रुतलेले आणि इकडे मी तिच्या पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवतेय! फक्त माझा हात ऐकायचा नाही, तो आपसूक आईचा हात आवळायचा. एकदा मध्यंतरात आई म्हणाली, "हद झाली बुवा. किती पोहे खाते ही बाई? पोट आहे की पोतं?" मी हसून हसून बेजार झाले. तिला ते खरं वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आईच्या छातीत गाठ हाताला लागली. तुकडा तपासायला गेला. गाठ साधी की कॅन्सरची, ते चार दिवसांनी मोबाइलवर कळणार होतं. ते चार दिवस नका विचारू. पुसलेला ओटा मी पुन्हा पुसत होते, गच्चीवर चकरा मारत होते. कोचिंगला सुट्टी टाकली आणि सुट्टी टाकली म्हणून स्वतःवरच चिडले. एक आवडता सिनेमा लावला आणि दहा मिनिटांत बंद केला. गेले चुलीत सगळे उस्ताद! मला ताटकळत बसायचं नव्हतं, आणि कळूनही घ्यायचं नव्हतं. आई मात्र आरामात मटार सोलत बसलेली.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. रिपोर्ट. उघडायला बोट पुढे होईना. फोन टेबलावर उपडा ठेवला, उचलला, परत ठेवला.

"आला ना?" आईनं विचारलं.

"हो. बघू नंतर. चहा टाकू?"

"आत्ताच तिसरा झाला. आण इकडे."

"आई, तू नको गं..."

"बस खाली. मीट डोळे."

मी मुकाट्यानं बसले, डोळे मिटले आणि तिचा हात धरला. मटार सोलून तो ओलसर झाला होता. तिनं चष्मा लावल्याचं कळलं. मला राहवेना.

"काय आहे गं आई?"

तिनं माझा हात गच्च आवळला. मग वर्गात शिकवायची त्या आवाजात, अगदी शांतपणे, म्हणाली, "काही नाही. बाई पोहे खातेय."