झोपेचा मिस्त्री

करवत चालली की भुसा पडतो. तो कोणी मागवत नाही. आमच्या कारखान्यात किस्सेही तसेच पडतात. झाडून काढले तरी कोपऱ्यात उरतात. त्यातले थोडे सांगतो. बहुतेकांत हसं माझंच झालं आहे. त्याला इलाज नाही.

मी सुतार. शाळा चौथीत सोडली, रंधा अजून सोडलेला नाही. आता आम्ही फक्त बेडरूम करतो. सूनबाई पल्लवी कॉम्प्युटरवर खोली काढते. मी आणि माझा जुना जोडीदार बाबाराव ती बनवतो. बाहेर पाटी आहे, 'झोप येणारच अशी खोली'. त्यातला 'च' माझा.

आणि घरी माझ्या बायकोला, शांताला, झोप येत नव्हती. कारखान्यामागच्या दोन खोल्या सोडून आम्ही नव्या घरात गेलो, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पण डोळ्यांखाली काळं आलं, तव्यावर हात भाजू लागला. बाबाराव एकदाच बोलला, "मिस्त्री, पाटी उतरवू का?"

*

कोराडीच्या कॉलनीत एक काम होतं. पल्लवी म्हणाली, "बाबा, दिशा फोनवर पाहून घ्या." मी म्हटलं, फोन कशाला? कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या उत्तरेला. जन्मभर नागपुरातून पाहिल्या आहेत. चिमण्यांच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीला पलंगाची गादीवाली पाठ ठोकली. म्हणजे डोकं दक्षिणेला.

महिन्याने गेलो तर उशा पायथ्याला. घर चिमण्यांच्या पलीकडच्या बाजूला होतं. तिथून चिमण्या दक्षिणेला. उत्तरेला डोकं करून कोण झोपेल?

घरमालक चांगला माणूस. म्हणाला, "राहू द्या मिस्त्री. पाय त्या गादीवर टेकवून झोपतो. पायाले लय आराम आहे."

*

गांधीबागेतल्या एका कापडवाल्याने तिन्ही मुलांना वेगळ्या खोल्या करवून घेतल्या. मंद दिवे, छताला चांदण्या. पल्लवीने जीव ओतला होता. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला मी ऐटीत तिथे घेऊन गेलो. पहिल्या खोलीत गव्हाचे कट्टे, पोत्यावर पोतं. दुसरीत तांदूळ. तिसरीत शिलाई मशीन.

"पोरं कुठं झोपतात?" मी विचारलं.

"आमच्याच पलंगावर. आडवे झोपलो की मावतो सगळे," कापडवाल्याची बायको म्हणाली. "पण खोल्या मस्त झाल्या हं भाऊ. गव्हाले एक कीड नाही लागली."

*

एका घरी आजोबांच्या खोलीला जाड काळे पडदे लावले. दारालाही रबर, आवाज येऊ नये म्हणून. चार दिवसांत पडदे परत.

आजोबा स्वतः आले होते, काठी टेकत. "तुम्हीच का गा ते मिस्त्री? उठलो त काही दिसून नाही राहिलं, काही ऐकू येऊन नाही राहिलं. मले वाटलं, गेलो मी. शांत पडून राहिलो. मंग सून चहा घेऊन आली, तवा समजलं."

पडदे वाया जाऊ नयेत म्हणून मी ते आमच्या झोपायच्या खोलीत लावले. कूलरचा आवाज नको म्हणून कूलर काढून एसी बसवला. दाराला रबर ठोकलं. सकाळी विचारलं, "कशी झोप लागली?"

"खोली चांगली आहे," ती म्हणाली. "तुमचं घोरणं आता साफ ऐकू येते."

*

सदर भागातून एक जोडपं पलंग पाहायला आलं. पलंग किती पक्का आहे ते दाखवायला मी स्वतः आडवा झालो. गादीची तारीफ सुरू केली. ती पूर्ण झाली नाही.

उठलो तेव्हा बाबाराव डबा खात होता. "गेले का गा ते?" मी विचारलं.

"गेले. पलंग पसंत केला. तुम्हाले उठवू नका म्हणे."

तो पलंग त्यांना दिला नाही. आमच्या खोलीत नेला. ज्यावर मला भर दुपारी झोप लागली, त्यावर कोणालाही लागेल. शांता रात्रभर त्यावर बसून वाती वळत होती.

*

एका दुपारी शांता डबा घेऊन कारखान्यात आली. लाईट गेली होती, मशिनी बंद होत्या. मी हातरंधा काढला. एका कपाटाची सागवानी फळी साफ करायला घेतली. शांता प्लायच्या गठ्ठ्यावर टेकली.

फळी गुळगुळीत झाली. मी वर पाहिलं. शांता भिंतीला डोकं लावून झोपली होती. तोंड थोडं उघडं, केसांत भुसा. मी रंधा हळूच खाली ठेवला. बाबारावला खूण केली, बोलू नको.

तिने डोळे उघडले. "काहून थांबले?"

मी रंधा उचलला, पुन्हा फळीवर चालवू लागलो. तिने पुन्हा मान टेकली.

लाईट आली. बाबाराव मशीनकडे गेला, माझ्याकडे पाहिलं आणि परत येऊन बसला. उन्हं उतरली तेव्हा शांता उठली, केस झटकले, डबा घेऊन घरी गेली.

बाबारावने टेबलावरची फळी उचलली. तिची पातळ पट्टी उरली होती. उजेडाला धरून त्याने ती वाकवून पाहिली.

"मिस्त्री, हे काय केलं?"

"डिझाइन आहे," मी म्हटलं.