खांबाला हात लावून

फुटबॉलमध्ये अकरा माणसं असतात आणि त्यांतल्या दहांना वाटतं की हा पळण्याचा खेळ आहे. मी चौदा वर्षं गोलकीपर होतो, त्यामुळं माझं मत वेगळं. कुठं उभं राहायचं हे ज्याला कळत नाही तो पळतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हे मी बायकोला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून का तुम्ही दूध आणायलासुद्धा उठत नाही?" तेव्हापासून मी घरात या विषयावर बोलत नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी चालली होती. गुडघे फोडून घरी येणारा मी पहिलाच. वडिलांना त्याचं दुःख होतं आणि आईला माझ्या कपड्यांचं, कारण नळाला पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी यायचं आणि संघात सगळ्यात मळका कीपर असतो. ती दुष्काळाची वर्षं होती. लष्कराच्या छावणीजवळच्या आमच्या मैदानावर गवताची काडी उरलेली नव्हती. सूर मारला की कोपराची साल निघायची. तरीही संध्याकाळी पाच वाजता मी तिथं नसलो असं वर्षात चार वेळाही घडायचं नाही. खांबांमध्ये उभं राहिलं की मला जे सुख व्हायचं ते मला पुढं कशातच मिळालं नाही, धंद्यातही नाही.

खांब होते, पण जाळी नव्हती. गोलच्या मागं उतार होता आणि उताराच्या तळाशी नाला. चेंडू गोलमध्ये गेला काय किंवा खांबाबाहेरून गेला काय, शेवटी नाल्यातच जायचा आणि आणायला कीपरच उतरायचा. नाला कोरडा असल्यामुळं चेंडू निदान कोरडा मिळायचा. दुष्काळाचा मला झालेला फायदा एवढाच.

जाळी नसली की भांडणं होतात. आमचे रेफ्री शाळेतले ड्रिलचे सर होते, खुलताबादहून स्कूटरवर यायचे. त्यांच्या मदतीला कडेला झेंडेवाले नसायचे, फक्कीच्या रेघा वाऱ्यानं उडालेल्या असायच्या आणि धुळीत सरांना अर्धं मैदान दिसायचं नाही. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. गोलबद्दल शंका आली की शिट्टी वाजवायची, चालत गोलपाशी यायचं आणि कीपरला म्हणायचं, "खांबे को हाथ लगा के बोल. गया क्या?" कीपर जे बोलेल ते शेवटचं. त्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

बाहेरगावचे लोक या रीतीला हसायचे. चोरालाच किल्ली देता का, असं विचारायचे. पण मी पाहिलंय, खांबाला हात लावून खोटं बोलणं अवघड जातं. आमच्यात तसं कुणी बोलल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्या वर्षी चषकाच्या अंतिम सामन्यात आमची गाठ फुलंब्रीच्या पोरांशी पडली. त्यांचा एक फॉरवर्ड होता, काटकुळा, डावखुरा, शेतावरून थेट मैदानावर आल्यासारखा दिसणारा. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं मारलेला चेंडू माझ्या बोटांना लागून खांबाला घासून आत गेला. सरांना काही दिसलं नाही. ते चालत आले. मी खांबाला हात लावला आणि म्हणालो, "गया सर."

मध्यंतरात आमच्या संघातल्या एकानंही मला पाण्याची बाटली पुढं केली नाही. कॅप्टन म्हणाला, "हरिश्चंद्र, पुढच्या वेळी कोर्टात जा, इथं नको." मला संताप आला. खरं बोललो म्हणून तोंड कोरडं ठेवतात म्हणजे काय? त्याच रागात मी उरलेला सामना खेळलो, आणि झकास खेळलो हे आजही सांगतो. आम्ही दोन गोल केले. दोन-एकनं पुढं होतो.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना त्याच काटकुळ्या पोरानं डाव्या पायानं चेंडू हाणला. वावटळ उठली होती. मी उजवीकडं झेपावलो, चेंडू हाताखालून निसटला आणि खांबाच्या आतून, वीतभर आतून, उतारावर गेला. पोरानं दोन्ही हात वर केले. सर चालत आले. मी धुळीतून उठलो, तापलेल्या पाइपाला हात लावला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "बाहेर गया सर."

त्या पोरानं हात खाली घेतले. त्याचे सोबती ओरडायला लागले तर त्यांनाच गप्प केलं त्यानं. सामना संपल्यावर माझ्याजवळ येऊन हात मिळवून गेला. चषक आम्ही छावणीभर मिरवला. माझ्या वाटचा पेढा मी दुसऱ्याला देऊन टाकला.

त्यानंतर चार वर्षं खेळलो, जिल्ह्याच्या संघातही गेलो. मग करंगळी दोनदा मोडली आणि मी गुलमंडीच्या बाजारात एका दोरखंडाच्या दुकानात नोकरी धरली. पुढं स्वतःचं दुकान टाकलं, तेही जाळ्यांचं. आयुष्यात कधी पाठीमागं जाळी मिळाली नाही म्हणून सूड उगवला असं मित्र म्हणतात. खरं कारण साधं आहे. शहर वाढत होतं. कालपर्यंत ज्वारी होती तिथं इमारतींना हिरवी जाळी लागत होती. इमारत उभी राहिली की बाल्कनीला कबुतरांची जाळी. आणि पाऊस हटला की शेतकऱ्यांना शेडनेट. माझं बरं चाललं, आणि मला धंदा मनापासून आवडला. गिऱ्हाईक कोणत्या बाजूनं येणार हे मला त्याच्या चालीवरून कळतं, ही कीपरची सवय.

शेडनेटमध्ये सगळा खेळ शब्दाचा असतो. पन्नास टक्के म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, पंच्याहत्तर म्हणजे त्याहून दाट. गुंडाळलेल्या गठ्ठ्यावरून फरक चटकन कळत नाही. दुकानदार सांगेल ते धरून चालायचं.

पुन्हा दुष्काळ पडला त्या उन्हाळ्यात एक गृहस्थ दुकानात आले. पांढरे केस, अंगानं भरलेले. रोपवाटिकेसाठी पंच्याहत्तर टक्केची जाळी पाहिजे म्हणाले. मी ओळखलं नाही. बायको दुपारी दुकानात बसते, तिनं पाणी दिलं. पाणी पिऊन ते हसले.

"फुलंब्रीचा मी. तुमच्यावर गोल मारला व्हता. एक."

चोराच्या मनात चांदणं. मी उगाच टेप घेऊन जाळी मोजायला लागलो.

"रस्त्यात चार दुकानं लागली," ते म्हणाले. "पन्नासची जाळी पंच्याहत्तर म्हणून गळ्यात मारत्यात लोक. म्हटलं, ज्यानं सोताच्या तोंडानं सोतावरचा गोल सांगितला त्याच्याकडंच जावं. आमची पोरं अजून म्हणत्यात, तो दुसरा बी आत गेला व्हता. मी म्हणतो, नाय. त्या कीपरनं सांगितलं बाहेर, म्हंजी बाहेर. लई भांडलोय त्यांच्याशी तुमच्यासाठी."

सत्तावीस वर्षं हा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून माझी बाजू लढत होता. मला लाज वाटली, इतकी की स्टुलावर बसलो. गप्प राहिलो असतो तर गिऱ्हाईक पक्कं होतं, पुढच्या दहा वर्षांचं. बायको समोर होती. तिनं मला कधी खोटं बोलताना पकडलं नव्हतं, आणि त्याचा मला गर्व होता.

"भाऊ, तो गोल होता," मी म्हणालो.

"कोणता?"

"दुसरा. वीतभर आतून गेला होता. मी खोटं बोललो."

बायकोनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता हे उठतील आणि चालते होतील, आणि त्यांनी जावंच.

"कुठून गेला?" त्यांनी विचारलं.

मी उठलो, दुकानाच्या शटरच्या चौकटीला खांब मानलं आणि हातानं दाखवलं. त्यांनी परत दाखवायला लावलं. मग खिशातून फोन काढला, फुलंब्रीला कुणाला तरी लावला आणि माझ्या कानाला धरला. "सांगा." मी सांगितलं. पलीकडून कुणीतरी दणदणीत शिवी हासडली आणि हसत सुटलं. असे पाच फोन झाले. पाचही वेळा मी गोल कबूल केला, आणि पाचव्या वेळेपर्यंत मीही हसत होतो.

मग फोन खिशात टाकून ते दुकानाबाहेर पडले. मला वाटलं निघाले. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही हात वर केले आणि गल्लीतून पळत सुटले, रिक्षा, हातगाड्या चुकवत, पार चहाच्या टपरीपर्यंत. लोक बाजूला होऊन बघत होते. टपरीला वळसा घालून ते तसेच हात वर करून परत आले.

"हे काय करताहेत?" बायकोनं विचारलं.

"गोल झाला की असं करतात," मी म्हणालो. माझे डोळे भरून आले होते आणि मी टाळ्या वाजवत होतो.

ते धापा टाकत स्टुलावर बसले. शर्ट घामानं भिजला होता. तिनं दिलेलं पाणी त्यांनी एका दमात संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्यांच्यावर गोल मारणं सोपं नव्हतं. मी दोन मारले."